काळी, पांढरी आणि घरपट्टी

मराठी खेड्याचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. काळीवरचा सारा कसा बसवावा यासाठी मलिक अंबरापासून मन्रोपर्यंत कितीतरी कर्तबगार माणसांनी डोके झिजविले. पांढरीच्या वाट्याला एवढे चिंतन आले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेतीबाहेरच्या लोकांवर जो कर होता, त्याचे नावच मुळी ‘पांढरी’ असे होते. १८५४ साली ते राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनीही हा कर काही दशके चालू ठेवला. पुढे १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून आमचा बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. बुऱ्हा नावाच्या लहानशा गावाचे जिल्ह्याचे ठाणे झाले आणि कारकून, वकील, शिक्षक, सर्व्हेअर अशा नाना नात्यांनी मराठी कुटुंबे या पांढरीवर येऊन स्थिरावली. आज नगरपालिकेचे जे बिल आपल्या दारी येते, ते या जुन्या कराचे थेट वंशज नव्हे. पण वस्तीच्या जमिनीवर किती भार टाकावा हा प्रश्न मात्र तोच आहे.

हा रुक्ष विषय कौटुंबिक मासिकात कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची खरी ठेव म्हणजे बहुधा एक घर असते. सोने लग्नकार्यांत वाटले जाते, शेती असली तर ती भावाभावांत विभागली जाते, मुले पुण्यास, नागपुरास किंवा त्याहून दूर जातात. मागे उरते ते कवेलूचे किंवा स्लॅबचे घर आणि त्यात राहणारी दोन वृद्ध माणसे. त्या घरावरील कर कोणत्या तत्त्वाने आकारावा याविषयी गेली काही वर्षे देशात मोठी खटपट चालू आहे, आणि ती खटपट करण्यात पुढाकार आहे तो घर बांधणाऱ्यांच्या आणि घरे भाड्याने देणाऱ्यांच्या संघटनांचा. घरात राहणाऱ्यांचा आवाज त्यात फारसा ऐकू येत नाही.

या संघटना काही आजच्या नव्हेत. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही कंत्राटदारांची संस्था १९४१ सालची आहे. मुंबईच्या गृहनिर्माण व्यावसायिकांची ‘महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री’ १९८२ साली निघाली, आणि १९९९ साली ठिकठिकाणच्या अशा मंडळांचा ‘क्रेडाई’ हा अखिल भारतीय संघ झाला. आपल्या धंद्यावरील कराविषयी बोलणे हा त्यांचा हक्कच आहे. बांधकाम व्यावसायिक म्हणताच काही मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ती थोडा वेळ बाजूला ठेवून त्यांचे म्हणणे काय आहे ते आधी पाहू.

घरपट्टी आकारण्याच्या रीती मुख्यत्वे तीन. पहिली व जुनी रीत अशी की, घर भाड्याने दिले असता वर्षास किती भाडे येईल याचा अंदाज करावा आणि त्याच्या काही टक्के कर घ्यावा. दुसरी रीत क्षेत्रफळाची. घर किती चौरस फूट, कोणत्या रस्त्यावर, पक्के की कच्चे, राहण्याचे की दुकानाचे, एवढे पाहून ठराविक दराने आकारणी करावी. तिसरी भांडवली मूल्याची, म्हणजे बाजारात घराची किंमत काय येईल ती धरून तिच्यावर कर लावावा.

पहिल्या रीतीचे मातेरे झाले ते भाडेनियंत्रण कायद्यांमुळे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. पुढे १९६१ साली कलकत्त्याच्या आणि १९७९ साली दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कायद्याने मालकाला जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे कल्पून त्यावर कर बसविता येणार नाही. न्याय म्हणून हे बरोबरच होते. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, गिरगावातल्या शंभर वर्षांच्या चाळीवर नाममात्र कर आणि उपनगरात काल बांधलेल्या लहान सदनिकेवर जबर कर. एकाच शहरात, एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या दोन कुटुंबांत हा भेद!

या गोंधळातून वाट काढली ती, ज्या शहराकडून कोणी अपेक्षा केली नव्हती त्या पाटण्याने. १९९३ साली तेथे क्षेत्रफळाची रीत आली. रस्ता मुख्य की गल्लीतला, छप्पर कोणते, वापर कोणता, एवढ्या तीन गोष्टींवरून दर ठरले; कर निरीक्षकाने घरात येऊन अंदाज बांधण्याची आणि त्या अंदाजाची किंमत वसूल करण्याची सोय उरली नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत उचलून धरली. त्यानंतर अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. आपल्या मध्य प्रदेशातही नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वयंनिर्धारण आले. नागरिकाने स्वतःच आपल्या घराचे माप व प्रकार लिहून द्यावा, नगरपालिकेने विभागवार दर जाहीर करावेत, आणि त्यावरून वार्षिक भाडेमूल्य निघावे. खोटे माप दिले तर दंड. ही पद्धत आम्हांस शिक्षकाच्या नात्याने विशेष आवडते. तपासनीस दारी येण्यापूर्वी आपला पेपर आपणच प्रामाणिकपणे तपासायचा!

मुंबईने मात्र तिसरी वाट धरली. १ एप्रिल २०१० पासून तेथे भांडवली मूल्यावर कर सुरू झाला आणि खरा वाद पेटला तो मोकळ्या जमिनीवरून. समजा, एका भूखंडावरची जुनी इमारत पाडली आहे, पाया खणला आहे आणि वर वीस मजले चढावयाचे आहेत. आज तेथे खड्डा आहे. महापालिकेचे नियम म्हणत की, या जमिनीची किंमत धरताना तिच्यावर जेवढे चटईक्षेत्र पुढे बांधता येईल तेही हिशेबात धरावे. म्हणजे जे घर उभे नाही, ज्यात कोणी राहत नाही, ज्यास पाणी नाही की दिवा नाही, त्याचा कर आज द्यावयाचा. मुंबईच्या घरमालकांची ‘प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन’ आणि इतर काही याचिकाकर्ते उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने नियम २०, २१ व २२ रद्द ठरविले. महापालिकेचे अपील नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. जमीन आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीतील तिची किंमत धरावी, उद्याची शक्यता नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

या असोसिएशनच्या चिकाटीचे जाता जाता कौतुक करावेसे वाटते. जुन्या उपकरप्राप्त इमारती संपादन करण्याच्या कायद्याविरुद्धची तिची दुसरी याचिका १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होती. ती नऊ न्यायमूर्तींपुढे जाऊन तिच्यातील घटनात्मक प्रश्नाचा निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. बत्तीस वर्षे! आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला बत्तीस महिने एका ठरावावर टिकता येत नाही.

मुंबईचा निकाल आम्हांस न्याय्य वाटतो. पेरणी होण्यापूर्वी उभ्या पिकाचा सारा काळीवर कोणी मागितला नव्हता, मग पांढरीवर तो का मागावा? तेव्हा या एका मागणीपुरते आम्ही घर बांधणाऱ्यांच्या बाजूचे आहोत.

पण त्यांची दुसरी मागणी निराळी आहे. बांधून तयार झालेल्या, परंतु न विकलेल्या सदनिकांवर कर नको किंवा काही वर्षे तरी नको, असे त्यांचे म्हणणे असते. अशीच सवलत प्राप्तिकरात त्यांना मिळाली आहे. न विकलेल्या घरांवरील काल्पनिक भाड्याची आकारणी २०१७ च्या तरतुदीने एक वर्ष आणि २०१९ च्या तरतुदीने दोन वर्षे लांबणीवर पडली. प्राप्तिकरात ती शोभते, कारण तो मिळकतीवरचा कर आहे आणि रिकाम्या घराची मिळकत नाही. घरपट्टी मात्र मिळकतीवरचा कर नव्हे. रिकाम्या इमारतीपुढचा रस्ता झाडला जातो, दिवा लागतो, आग लागल्यास बंब येतो. शिवाय कर नसेल तर भाव पडू न देता घर रिकामे ठेवणे अधिकच परवडते. आणि कोणाला सूट दिली की तेवढा भार दुसऱ्याच्या अंगावर जातो, हे तर उघडच आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर संपूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला तेव्हा लहान घरांत राहणाऱ्या आमच्या आप्तांना आनंद झाला. तो रास्तही होता. पण महापालिकेच्या तिजोरीतील तो खड्डा कोण भरणार, हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

करसुधारणेच्या चळवळीचा पुढे काय विस्तार होतो याचे एक बोलके उदाहरण सातासमुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सत्तरीच्या दशकात घरांच्या किमती वेगाने चढल्या आणि त्यांबरोबर घरपट्टीही. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना स्वतःच्या घराचा कर झेपेना. त्यांच्या संतापाला वाचा फोडली ती हॉवर्ड जार्व्हिस या गृहस्थाने. हे गृहस्थ लॉस एंजेलिसच्या भाड्याची घरे बाळगणाऱ्या मालकांच्या संघटनेचे काम पाहत असत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव जनमताने संमत झाला. सुमारे पासष्ट टक्के मते अनुकूल पडली. कर मूल्याच्या एक टक्क्यावर थांबला, मूल्य वर्षास फार तर दोन टक्क्यांनी वाढवावयाचे आणि नवे मूल्यांकन घर विकले गेले तरच करावयाचे, असे ठरले. वृद्धांची घरे वाचली हे खरे. परंतु व्यापारी मालमत्तांनाही तेच कवच मिळाले. एका भिंतीला लागून असलेल्या दोन सारख्या घरांत, जुना मालक एक रुपया देतो आणि नवा शेजारी कित्येक पट देतो, अशी स्थिती आली. भाडी उतरतील असे भाडेकऱ्यांना सांगितले होते. ती उतरली नाहीत, आणि वर्षाच्या आत काही शहरांना भाडेनियंत्रणाचे कायदे करावे लागले. शाळांचे तर विचारूच नका. तेथील सरकारी शाळा मुख्यतः स्थानिक घरपट्टीवर चालत. तो झरा आटल्यावर शाळांचा खर्च आणि त्याबरोबर शाळांवरचा अधिकारही राज्याच्या राजधानीकडे गेला.

आता आपल्या अंगणात येऊ.

मध्य प्रदेशातील नगरपालिकांची घरपट्टीवरची भिस्त महाराष्ट्रातल्याहून निराळ्या कारणाने वाढली. मुंबईत जकात ३० जून २०१७ पर्यंत नांदली. आमच्याकडे चुंगी १९७६ सालीच बंद झाली. तिच्या बदली राज्याने प्रवेशकर लावला आणि नगरपालिकांना क्षतिपूर्तीचे अनुदान द्यावयास आरंभ केला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे आमची नगरपालिका भोपाळकडे पाहून दिवस काढीत आहे. घरपट्टी हाच तिचा स्वतःचा म्हणावा असा कर, आणि तोही तोकडा. साऱ्या भारतात घरपट्टीचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम पाव टक्क्याच्या आतबाहेर असते. २०१६–१७ च्या आर्थिक पाहणीने तर बंगळूर व जयपूर ही शहरे मिळू शकणाऱ्या घरपट्टीच्या पाच ते वीस टक्केच गोळा करतात, असे म्हटले होते.

मग २०२० साल आले. महामारीने राज्यांच्या तिजोऱ्या रित्या झाल्या, आणि केंद्राने जादा कर्ज उचलण्याची मुभा काही अटींवर दिली. त्यांतली एक अट अशी होती की, घरपट्टीचे किमान दर जमिनीच्या सरकारी दरांशी जोडावेत. ही नागरी सुधारणा सर्वांत आधी पुरी केली ती आंध्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी. आमच्या राज्याला त्यापोटी दोन हजार कोटींहून अधिक जादा कर्ज काढण्याची परवानगी मिळाली. पंधराव्या वित्त आयोगानेही नागरी अनुदानाला हीच अट घातली. परिणाम असा की, वार्षिक भाडेमूल्याची सांगड आता ‘कलेक्टर गाइडलाइन’शी, म्हणजे महाराष्ट्रातील वाचक जिला रेडीरेकनर म्हणतात तिच्याशी, बसली आहे. रजिस्ट्रीच्या वेळी मुद्रांक शुल्कासाठी वापरावयाचा हा दर. तो दरवर्षी ठरतो आणि बहुधा चढतोच.

हा बदल कागदावर निरुपद्रवी दिसतो. उदाहरणापुरता हिशेब करून पाहू. हजार चौरस फुटांच्या घराला चौरस फुटामागे वर्षास आठ रुपये भाडेमूल्य धरले तर आठ हजार होतात. कराचा दर सहा टक्के मानला तर चारशे ऐंशी रुपये झाले. मालक स्वतः राहत असेल तर मध्य प्रदेशात निम्मी सूट आहे. तेव्हा उरले दोनशे चाळीस. दर दुप्पट झाला तरी चारशे ऐंशीच. एवढ्यासाठी कोण ओरडेल? ओरडू नयेच, असे आमचेही मत आहे. नगरपालिकेकडून नाल्या, रस्ते, पाणी सगळे हवे आणि वर्षाचा कर मात्र एका सिनेमाच्या तिकिटांएवढा हवा, हे आपल्या सुशिक्षित वर्गाला शोभत नाही.

अडचण निराळीच आहे. गाइडलाइनचा दर जागेचा असतो, माणसाचा नसतो. हनुमान चौक किंवा काली पुतळी चौकाच्या आसपास आज ज्या जमिनीला सर्वाधिक भाव, तेथेच आपल्या जुन्या लोकांची घरे आहेत, कारण ती आली तेव्हा गाव तेवढेच होते. चौकात दुकानांची रांग उभी राहिली, भाव चढला. आतल्या अंगणातली तुळस आणि माजघरातल्या आजी आहेत तेथेच आहेत. बांधकामाचा प्रकार पाहून कवेलूच्या घराला कमी दर लागतो हे खरे. परंतु कंपाउंडातील मोकळी जागा, रस्त्याकडेच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि ओसरीवर मुलाने काढलेले झेरॉक्सचे दुकान हे सारे निरनिराळ्या दरांत पडते. कित्येक भूखंड नजुलाचे. त्यांचा भूभाटक वेगळा आणि पट्ट्याच्या नूतनीकरणाचा खर्च वेगळा. ज्यांचे उत्पन्न केवळ पेन्शन आहे त्यांना ही बेरीज जड जाऊ लागली म्हणजे एक दिवस कॉलनायझर घरी येतो, सोफ्यावर बसतो आणि अतिशय अदबीने विचारतो, “आजी, एवढं मोठं घर तुम्ही कशाला सांभाळता?”

त्याच्या विचारण्यात अपराध नाही. पण येथे हितसंबंध कसे गुंतले आहेत ते वाचकांनी नीट पाहावे. गाइडलाइनचे दर वाढवू नका, असे भोपाळ-इंदूरच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना वारंवार सांगत आल्या आहेत. त्यांचे कारण मुद्रांक शुल्काचे आहे. दर चढला की रजिस्ट्री महाग आणि विक्री मंद. आता घरपट्टीही त्याच दराला बांधली गेल्यामुळे त्यांनी मिळविलेला दिलासा आजींनाही आपोआप मिळतो. येथवर दोघे एका बाजूला आहेत. पण रिकाम्या सदनिकांना सूट, व्यापारी वापराला कमी दर, या मागण्या मान्य झाल्या तर नगरपालिकेला तेवढी रक्कम राहत्या घरांकडूनच काढावी लागेल. तेथे आजी एकट्या पडतात. संघटनेला आजींचे वाईट करावयाचे नाही. तिच्या निवेदनात आजी नसतात, इतकेच.

निवेदनात असणे किती उपयोगी पडते, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते. तेथे मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणाच्या आक्षेपांनंतर शासनाने ती काढली आणि अनेकांच्या हाती फरकाच्या रकमेची बिले पडली. निवृत्त माणसे, गृहरचना संस्थांचे चिटणीस, सर्व पक्षांचे नगरसेवक यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२३ साली सवलत परत आली. मात्र ती मिळविण्यासाठी पुष्कळांना आपण स्वतः तेथे राहतो याचा पुरावा जोडून अर्ज भरावा लागला. ज्यांनी तो भरला नाही, ते अजून हळहळत असतील.

आमच्या बिलावर संपत्ती कराखेरीज समेकित कर, नगरीय विकास उपकर आणि शिक्षा उपकर अशा ओळी असतात. शेवटची ओळ सरकारी शाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना थांबून वाचावीशी वाटते. तिच्यापुढचा आकडा लहान असतो. तरी बिल हाती आल्यावर ‘स्वतःच्या वास्तव्याची सूट’ दिली आहे की नाही, क्षेत्रफळात मोकळे अंगण बांधकाम म्हणून तर धरले नाही ना, बांधकामाचा प्रकार कवेलूचा की स्लॅबचा लिहिला आहे, या तीन गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात. पुष्कळ घरांची नोंद अजून आजोबांच्या नावावर आहे. नामांतरण झालेले नसल्यास सूट मागताना पहिली अडचण तीच येते.

गाइडलाइनच्या नव्या दरांचे प्रस्ताव १ एप्रिलपूर्वी जाहीर होतात आणि त्यांवर नागरिकांच्या सूचना व हरकती मागविल्या जातात. ही सूचना हिंदी दैनिकांत आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. कॉलनायझर ती वाचतो. आपल्या घरांत त्या सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा आणि होळीच्या पुरणपोळ्या यांची गडबड असते. हरकत साध्या कागदावर चालते. वॉर्डाचे नाव, रस्त्याचे नाव, घर क्रमांक, आजूबाजूला गेल्या वर्षभरात कोणत्या भावाने रजिस्ट्र्या झाल्या याची माहिती, आणि आपल्या गल्लीचा दर चौकातल्या दुकानांच्या दराशी का जोडू नये याचे कारण, एवढे त्यात पुरे. एकाने लिहिण्यापेक्षा गल्लीतल्या दहा घरांनी मिळून, मराठी असोत की पोवार की मारवाडी, एकाच कागदावर सह्या केल्या तर ते कागद जिल्हा मूल्यांकन समितीपुढे निराळ्या वजनाने जातात.